सिंगल-कॉइल पिकअप आणि गुणगुण : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचे इलेक्ट्रिक गिटार) धाटणीच्या माझ्या गिटारमध्ये जुन्या पद्धतीचे तीन सिंगल-कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारी एकेका वेटोळ्याची चुंबकीय उपकरणे, बसवून आता बरेच महिने झाले. मध्यंतरी त्यांपैकी ब्रिजजवळचा (जेथे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तेथला) काढून त्या जागी मी स्टॅक पद्धतीचा, म्हणजे एकावर एक अशी दोन वेटोळी असलेला पिकअप लावला. नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) आणि मधला मात्र अस्सल सिंगल-कॉइलच ठेवला. या मिश्र जुळणीतून काय मिळाले आणि काय हातचे गेले, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण खरेदीपूर्वी वाचायला मिळणाऱ्या मजकुरात स्वराचे कौतुक भरपूर असते आणि गुणगुणीची, म्हणजे न वाजवताही स्पीकरमधून येत राहणाऱ्या आवाजाची, मात्र ‘थोडीफार असायचीच’ एवढ्यावर बोळवण केलेली असते.

गुणगुणीविषयी पहिली गोष्ट म्हणजे ती एक नसते, दोन असतात. विजेच्या तारांभोवती आणि ट्रान्स्फॉर्मरभोवती जे बदलते चुंबकीय क्षेत्र असते, ते पिकअपच्या वेटोळ्यात थेट वीज निर्माण करते. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ही गुणगुण ५० हर्ट्झ आणि तिच्या १००, १५० अशा पटींत ऐकू येते. त्यातला १०० हर्ट्झचा सूर गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरील आडव्या धातूच्या पट्टीला) वाजणाऱ्या ९८ हर्ट्झच्या ‘जी’च्या जरासा वर पडतो, त्यामुळे ‘जी’मध्ये वाजवताना तो विशेष खटकतो. दुसरा आवाज कर्कश, चरचरता असतो. तो विद्युत क्षेत्रातून येतो आणि इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर, दिव्यांचे डिमर, स्वस्त चार्जर ही त्याची नेहमीची उगमस्थाने आहेत.

हे दोन आवाज वेगळे ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) चालू ठेवून, गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू वळावे. एका दिशेला आवाज वाढत असेल आणि काटकोनात वळल्यावर जवळजवळ नाहीसा होत असेल, तर ती चुंबकीय गुणगुण समजावी. तारांना हात लावताच चरचर कमी होत असेल, तर ती दुसऱ्या जातीची आहे, कारण आपले शरीरच अँटेनासारखे ते क्षेत्र गोळा करत असते आणि तारांना स्पर्श होताच ते ब्रिजच्या वायरमार्गे जमिनीशी जोडले जाते. माझ्या खोलीत दोन्ही होते. पंखा मधल्या वेगावर ठेवला की चरचर सुरू होई आणि पूर्ण वेगावर नेला की ती बरीच ओसरे, कारण ट्रायकवर (एका इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालणारा रेग्युलेटर मधल्या वेगाला विजेची लहर मधेच कापतो. जुन्या खोकेवजा रेग्युलेटरला हा रोग नव्हता, हे येथे नमूद करायला हवे.

पिकअपवर पैसे खर्च करण्यापूर्वी घरातले अर्थिंग तपासून घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन. माझ्या इमारतीत तिसऱ्या पिनचे भोक होते, पण त्यामागे वायरच जोडलेली नव्हती. इलेक्ट्रिशियनने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला तेव्हा तो पेटलाच नाही. ती जोडणी झाल्यावर निम्मी चरचर कोणताही पिकअप न बदलता गेली. गुणगुण कमी होते म्हणून अॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो कधीही मानू नये. गिटारच्या तारा अॅम्पच्या चॅसिसशी (धातूच्या सांगाड्याशी) जोडलेल्या असतात, आणि अॅम्पमध्ये बिघाड झाला तर तो विजेचा धक्का बोटांपर्यंत पोहोचतो.

त्यानंतर शील्डिंग, म्हणजे आतल्या भागाला धातूचे आवरण. पिकगार्डच्या (पिकअप बसवलेल्या पुढच्या पत्र्याच्या) मागे आणि लाकडातील खोबणीत मी कॉपर टेप लावली. काम किचकट नसले तरी वेळखाऊ आहे. टेपचा डिंक वीजवाहक आहे असे वेष्टनावर लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक थेंब द्यावा आणि मल्टिमीटरचे एक टोक एका कोपऱ्यात, दुसरे सर्वांत दूरच्या कोपऱ्यात टेकवून रोध जवळजवळ शून्य येतो का, ते पाहावे. स्विचचे पाय आणि जॅकचे मधले टोक टेपला टेकणार नाहीत याची काळजी घ्यावी, नाहीतर पिकगार्ड बसवताच गिटार मुकी होते. एवढे केल्यावर उरलेली चरचर गेली. चुंबकीय गुणगुण मात्र होती तेवढीच राहिली, आणि ती राहणारच होती : ५० हर्ट्झचे क्षेत्र तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर शिरल्यावरच लक्षणीय क्षीण होते, तर टेपची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. शील्डिंगबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आता पिकअपची निवड. मी घेतलेल्या संचात अल्निको ५ (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकांच्या कांड्या आणि ४२ गेजची (अतिशय बारीक) तार आहे. रोध ६ किलोओहमच्या आसपास. हा आकडा पाहून पिकअपचा ‘जोर’ ठरवण्याची पद्धत मला फारशी पटत नाही, कारण तार अधिक बारीक घेतली तरी रोध वाढतो आणि आवाजात त्या प्रमाणात फरक पडत नाही. उंचीने मात्र खूप फरक पडतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर ठेवल्यावर आवाज मोकळा झाला. त्याहून जवळ नेले की चुंबक तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगू लागतो. नेकच्या पिकअपचा काचेसारखा स्वच्छ, किंचित पोकळ स्वर मला हवा होता तो मिळाला, आणि त्यासाठी थोडी गुणगुण सोसायला मी तयार आहे.

मधला पिकअप उलट वेटोळ्याचा आणि उलट चुंबकीय ध्रुवांचा घेतला. तो शेजारच्या पिकअपबरोबर वाजतो तेव्हा बाहेरून आलेली गुणगुण दोन वेटोळ्यांत विरुद्ध येते आणि जवळजवळ नाहीशी होते. तारांचा आवाज मात्र वेटोळे आणि चुंबक दोन्ही उलट असल्यामुळे एकमेकांत मिसळतो. १९५० च्या दशकात गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी हमबकर (गुणगुण खोडणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) घडवला तो याच तत्त्वावर. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरला पिकअप निवडण्याचा तीन जागांचाच स्विच होता आणि दोन पिकअप एकत्र वाजावेत म्हणून वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवत. पाच जागांचा स्विच फेंडरने १९७७ मध्ये दिला. आज संच घेताना मधला पिकअप उलटा आहे का, हे विचारावेच.

ब्रिजचा प्रश्न वेगळा होता. तेथे मी डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) वाजवतो, आणि डिस्टॉर्शन लहान आवाजालाही उचलून मोठा करत असल्यामुळे दोन सुरांमधल्या शांततेत गुणगुणच पुढे येत असे. स्टॅक पिकअपमधले खालचे वेटोळे तारांपासून दूर असल्याने मुख्यतः गुणगुण ऐकते आणि वरच्या वेटोळ्यातली गुणगुण खोडते. ही शांतता थक्क करणारी आहे. किंमत मात्र मोजावी लागते : तार छेडताक्षणी जी धार ऐकू येते, ती थोडी बोथट झाली आहे. ब्रिजचा पिकअप तसाही टोचरा असतो, म्हणून मला ते चालले. नेकला हेच चालले नसते.

दुसरी किंमत कोणी आधी सांगत नाही. ब्रिज आणि मधला यांची जोडी पूर्वी शांत होती, ती आता किंचित गुणगुणते, कारण स्वतः शांत असलेल्या स्टॅककडे मधल्याची गुणगुण खोडायला काहीच उरलेले नसते. दोन्ही समांतर जोडलेले असल्याने ती साधारण निम्मी होते, एवढाच दिलासा. नेक आणि मधला यांची जोडी पूर्वीसारखीच शांत आहे.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवताना वायरींच्या रंगांवर जाऊ नये. चार वायरींच्या पिकअपमध्ये डिमार्झिओची सिग्नलची वायर लाल असते, तर सेमोर डंकनची काळी. जोडीने वाजवताना आवाज पातळ आणि नाकातला आला, तर दोन पिकअप विरुद्ध फेजमध्ये (एकमेकांचा आवाज खोडतील असे जोडलेले) आहेत असे समजून एकाच्या सिग्नल आणि ग्राउंडच्या वायरी अदलाबदल कराव्यात. मात्र पिकअपला धातूचे कवच असेल किंवा दोनच वायरी असून त्यांतली एक बाहेरची जाळी असेल, तर आधी कवचाची जोडणी वेगळी करावी लागते.

नॉइज गेटही काही काळ वापरून पाहिला. तो वाजवणे थांबल्यावर आवाज बंद करतो, पण सूर चालू असताना त्याच्याखालची गुणगुण तशीच राहते आणि लांबवलेल्या सुराचे शेपूट मधेच तुटते. कॉलेजच्या सभागृहात, जेथे मंचावरील दिव्यांचे डिमर शेजारीच असतात, तेथे तो उपयोगी पडतो. घरी मी तो काढून ठेवला आहे.

जुना संच विकत घेणाऱ्यांसाठी एक सोपी तपासणी. साधे होकायंत्र नेकच्या आणि नंतर मधल्या पिकअपच्या पोलवर (चुंबकाच्या वरच्या टोकावर) धरावे. दोन्हींवर सुईचे तेच टोक ओढले गेले, तर मधला उलटा नाही. वेगवेगळी टोके ओढली गेली आणि जोडीने वाजवताना आवाज भरदार आला, तर वेटोळेही उलटे आहे, आणि ती जोडी गुणगुणणार नाही.