टाइप १ मधुमेह आणि खचलेली लेक: समुपदेशन पुण्याला जाऊन की व्हिडिओ कॉलवर?

नववीत गेल्यापासून आमची मुलगी शाळेतून आली की तोंडावर पांघरूण घेऊन पडायची. तिला आठव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं; त्यामुळे ती थकलेली दिसली की आम्ही आधी ग्लुकोमीटर शोधायचो. साखर वाढली तरी पोर मलूल होते, झोप बिघडते, वजन उतरतं. नैराश्यातही हेच होतं. या घोळात आमचे सहा महिने गेले. शेवटी तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी प्रश्नावली भरून घेतली आणि समुपदेशन सुचवलं. आधी आम्ही पुण्याला जात होतो, मग घरून व्हिडिओ कॉल सुरू केले. दोन्हींचा अनुभव असल्याने, ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पुणं आम्हाला एसटीने चार तास. प्रत्येक फेरीला शाळा बुडायची, वडिलांचा खाडा व्हायचा, आणि गाडी घाटात अडकून जेवणाची वेळ टळली की साखर उतरायची धास्ती. त्यामुळे महिन्यातून एकदाच जाणं व्हायचं. तिच्या समुपदेशनात कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची पद्धत, वापरतात. तीत मात्र दोन भेटींच्या मधे मुलीने घरी काहीतरी करून बघायचं असतं आणि ते ताजं असताना त्यावर बोलायचं असतं. व्हिडिओ कॉलमुळे दर आठवड्याला बोलणं जमलं. दूरच्या गावातल्यांसाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे.

पण आमचं घर दोन खोल्यांचं. पहिले तीन कॉल ती ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक आहे’ एवढंच बोलली, कारण दाराबाहेर मी भाजी निवडत बसले होते. मग त्या तासाला मी आणि सासूबाई देवळात जाऊन बसू लागलो, तेव्हा तिचं तोंड उघडलं. घरात असा एक तास मोकळा करता येत नसेल तर ऑनलाइनच्या वाटेला जाऊ नका.

समोर बसण्याचं मोल मला एका भेटीत कळलं. सैल झालेला ड्रेस बघून समुपदेशक बाईंनी वजनाचा विषय काढला आणि लेकीने सांगितलं, की बारीक होण्यासाठी ती दुपारचं इन्सुलिन चुकवते. या वयातल्या मुलींमध्ये हे घडतं, आणि त्यातून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून, जिवावर बेतू शकतं. फोनच्या कॅमेऱ्यात फक्त चेहरा दिसतो, ड्रेस दिसला नसता.

उलट बाजूही सांगते. एका कॉलवर ती विनाकारण चिडली, असंबद्ध बोलू लागली. बाई म्हणाल्या, “आधी साखर बघ.” ६२ निघाली, म्हणजे खूप उतरलेली. तेव्हापासून कॉलआधी बोट टोचायचं आणि ग्लुकोजची पुडी जवळ ठेवायची, हा नियम आहे. समुपदेशक निवडताना विचारा: साखर ७० च्या खाली गेली तर मूल कसं वागतं? उत्तर आलं नाही तर दुसरं कुणी शोधा, भेट कुठेही होवो. आणि त्यांनी “आज साखर किती आली?” एवढंच विचारत बसू नये, ते घरी आम्ही दिवसभर विचारतोच.

औषध लागलं तर ते समुपदेशक नाही, मानसोपचारतज्ज्ञासारखे डॉक्टर लिहितात. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे डॉक्टरांच्या ऑनलाइन सल्ल्याला अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस लागतं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी साखर खाली येऊ शकते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

पैशांची अडचण असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत. तिथे सुरुवात होते, पुढचे उपचार कुठे घ्यायचे तेही सांगतात.

मूल “जगून काय करू” असं म्हणालं तर हा आढावा बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि इन्सुलिन मोठ्यांच्या ताब्यात घेऊन प्रत्येक डोस समोर बसून द्या.

पुन्हा निवडायचं झालं तर मी पहिल्या तीन भेटी समोरासमोरच करेन, ओळख पटल्यावर फोनवर येईन. सध्या आमचा दर शनिवारी कॉल असतो. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासायला पुण्याला जातो, त्याच दिवशी बाईंचीही वेळ घेतो. त्या तासाला मी बाहेरच्या बाकावर बसते.