टक्कर झाली, गाडी घसरली: ऊर्जा की गतीची समीकरणं?

टक्करीची गणितं अकरावीच्या मुलांना आकडेमोडीमुळे अवघड जात नाहीत. कुठला नियम कुठे लावायचा, तिथे घोडं अडतं. नौपाड्यातल्या शिकवणीत मी दर पावसाळ्यात हेच गणित घालतो: घोडबंदर रोड ओला, १२०० किलोची कार कडेला उभ्या ४०० किलोच्या रिक्षावर मागून आदळली, दोन्ही एकमेकींत अडकल्या आणि चाकं जाम होऊन १८ मीटर घसरत जाऊन थांबल्या. घर्षण गुणांक ०.४, गुरुत्व त्वरण १० धरा. आदळताना कारचा वेग किती?

निम्मा वर्ग थेट ऊर्जा लावतो. कारची गतिज ऊर्जा घर्षणाने खाल्ली, विषय संपला. घर्षणाचं कार्य ०.४ × १६०० × १० × १८, म्हणजे १,१५,२०० जूल. त्यावरून कारचा वेग येतो सेकंदाला सुमारे १३.९ मीटर, ताशी ५० किलोमीटर. उत्तर इतकं पटण्यासारखं, की कुणाला शंकाच येत नाही. पण पत्रा चेपला, काच फुटली, धाडकन आवाज झाला, त्याचा हिशेब कुठे गेला?

म्हणून टक्करीच्या क्षणापुरता फक्त संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; टक्करीच्या आधी आणि नंतर त्याची बेरीज तीच राहते. इथे निवड करायचीच नाही. आधी घसरणं सोडवा: टक्करीनंतरची गतिज ऊर्जा म्हणजे घर्षणाचं कार्य, वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडतं, वेगाचा वर्ग २ × ०.४ × १० × १८ = १४४, वेग १२. मग १६०० × १२ = १२०० × कारचा वेग. उत्तर १६ मीटर प्रति सेकंद, ताशी ५७.६. पहिल्या वाटेने कारवाला जवळजवळ आठ किलोमीटरने सुटला होता.

सुरुवातीची ऊर्जा १,५३,६०० जूल, टक्करीनंतर १,१५,२००. बरोबर पाव भाग गेला, आणि एकूण वस्तुमानात रिक्षाचा वाटाही पावच. हा योगायोग नाही. उभ्या वस्तूवर आदळून दोन्ही चिकटल्या, की उभ्या वस्तूचा जेवढा वाटा तेवढी गतिज ऊर्जा जाते. उत्तर तपासायला याहून सोपं काही नाही.

हुशार मुलं विचारतात, “सर, टक्कर होत असतानाही घर्षण असतंच ना?” असतं. टक्कर ०.१ सेकंद चालली असं धरलं, तर ६४०० न्यूटनच्या घर्षणाने संवेग ६४० ने घटेल. एकूण संवेग १९,२००. तीन टक्क्यांसाठी कोण रडतं!

खरी निवड पुढच्या टप्प्यात, घसरताना. सपाट, एकसारखा रस्ता असेल तर ऊर्जा घ्या किंवा गतीची समीकरणं घ्या, काहीच फरक नाही. ऋण त्वरण ४, अंतर १८, वेगाचा वर्ग पुन्हा १४४. फरक पडतो रस्ता बदलला की. पहिले १० मीटर ओलं डांबर आणि पुढे वाळू? ऊर्जेत दोन कार्यांची बेरीज केली की झालं. समीकरणांत मधला वेग काढून दोनदा गणित मांडावं लागतं. पातलीपाड्याच्या पुलाचा उतार आला, तर उंचीचं एक पद वाढवायचं, एवढंच. शेवटी स्प्रिंग असेल, तर त्वरण सतत बदलतं आणि पाठ केलेली समीकरणं चालतच नाहीत.

समीकरणं जिंकतात ती वेळेच्या प्रश्नात. किती वेळात थांबली? ऊर्जा इथे मौनव्रतात. त्वरणाने १२ भागिले ४, तीन सेकंद. आणि चौकात काटकोनात आदळलेल्या गाड्या असतील, तर ऊर्जेला दिशाच नसते. संवेगाचे दोन घटक वेगळे मांडावे लागतात.

सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ५४ सेकंद. सवय लावायची तर ऊर्जेची लावा, ‘वेळ’ शब्द दिसला तरच समीकरणांकडे वळा.

घरी पडताळायचं तर कॅरम काढा. स्ट्रायकर १५ ग्रॅम, सोंगटी साधारण ५. पुन्हा तीनास एक. पण इथे चिकटणं नाही. समोरासमोर, पूर्ण स्थितिस्थापक (गतिज ऊर्जा जराही न गमावणारी) टक्कर मानली, तर सोंगटीला स्ट्रायकरच्या आधीच्या वेगाच्या दीडपट वेग मिळतो, स्ट्रायकरकडे निम्मा उरतो. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दोघांचं घर्षण सारखं असेल तर सोंगटी स्ट्रायकरच्या नऊपट लांब जायला हवी. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर नऊपट कधीच जात नाही, कितीही पावडर टाका. टक्करीचा तो ‘टक्’ आवाज फुकट थोडाच येतो?