रॉटवायलर की जर्मन शेफर्ड? पिल्लू आणण्याआधी

राखणीला मोठं कुत्रं हवंय आणि मन या दोन जातींत अडकलंय, अशांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे आधी जर्मन शेफर्ड मादी होती, ११ वर्षं जगली. आता ५ वर्षांचा रॉट आहे. जीव दोघांवरही, तरी पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्याला मी शेफर्ड मादीच घ्या म्हणेन.

खरा फरक फाटकाशी कळतो. शेफर्ड भुंकते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली की आमची उठायची, आणि कुरिअरवाला बेल दाबेपर्यंत शेजारीपाजारीही जागे झालेले असायचे. रॉट फारसा भुंकत नाही. तो येऊन माझ्या आणि पाहुण्याच्या मधे उभा राहतो, अंग ताठ, नजर पाहुण्याच्या हातांवर. अशा वेळी ‘बस’ म्हटलं की तो बसलाच पाहिजे. पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या आसपास भरतो. त्याने पट्ट्याला हिसका दिला तर माझ्या सत्तरीच्या आईच्याने तो आवरत नाही. शेफर्डचा नर ३० ते ४० किलो, मादी आणखी हलकी. शिकवण्यात आपलं काही चुकलं तर सावरायला तिथे वाव राहतो. रॉटला मात्र पिल्लू असतानाच माणसं, मुलं, गर्दी, इतर कुत्री यांची सवय लावावी लागते, आणि रोजचा सराव पुढेही सुटत नाही.

उन्हाळा दोघांनाही जड जातो. रॉट काळा आणि अंगाने भरलेला; मे महिन्यात आमचा दुपारभर मोरीच्या ओल्या फरशीवरून हलत नाही, फिरणं पहाटेच उरकावं लागतं. शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. घरभर केस होतात, पण ते भादरू नका, रोज ब्रश फिरवा.

पावसाळ्यात गोचीड. गोचीडताप शेफर्डला जास्त जोरात धरतो. एका श्रावणात आमची अचानक जेवेना, ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं, प्लेटलेट घसरलेल्या होत्या. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या चार आठवड्यांच्या कोर्सने ती वाचली. तेव्हापासून रोज रात्री कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यांत अंगठा फिरवून बघायची सवय लागली, ती अजून आहे. रॉटच्या पिल्लांना पार्व्होचा (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणू आजार) धोका अधिक, म्हणून लसींची तारीख चुकवू नका. मोठेपणी हाडांचा कॅन्सरही या जातीत जास्त दिसतो, आणि आयुष्य साधारण ९-१० वर्षांचंच. ११ वर्षं सोबत मिळालेल्याला ते फार कमी वाटतं.

पिल्लू घेताना आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ती अनोळखी माणसाशी कशी वागते, त्यावरून पिल्लाचा बराच अंदाज येतो. कमरेच्या सांध्याचं दुखणं दोन्ही जातींत आहे, तेव्हा आईबापांचे एक्स-रे मागा. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद वंशावळ सांगतात, तब्येत नाही. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबाबतच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी लागते.

कायद्याचं म्हणाल तर १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या परिपत्रकात बंदी सुचवलेल्या जातींत रॉटवायलर होता, जर्मन शेफर्ड नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. तरीही लोकांच्या मनात भीती उरतेच, म्हणून रॉट आणायच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

शेतावर बांधायला कुत्रं हवं असेल तर यातलं कुठलंच नको. दोन्ही जातींना माणसांत राहायला लागतं. साखळीला एकटं ठेवलेलं कुत्रं चिडकं तरी होतं, नाहीतर भित्रं. आणि जुन्नर-आंबेगावसारख्या उसाच्या पट्ट्यात बांधलेलं कुत्रं बिबट्याच्या तोंडी जातं, मग ते केवढंही दांडगं असो. तिकडे अंधार पडला की त्याला घरात घ्यायचं. आमचा रॉटही दिवे मालवले की आत येतो आणि आईच्या खाटेशी अंग टाकतो.