टेम्पोतलं 'नत्र' आणि गेलेले 11,300 रुपये

वस्तीवर टेम्पो आणून खत विकणारे तुम्हाला ठाऊकच आहेत. या खेपेला आले ते 'दाणेदार नत्र, 40 टक्के, हळूहळू लागू होणारं' घेऊन. 25 किलोची गोणी 1,450 ला. सहा गोण्यांचे 8,700 आणि मुळी वाढवायच्या चार बाटल्या 650 प्रमाणे 2,600. एकूण 11,300, रोख.

आता जो तो विचारतो, घेतलंच कशाला? अहो, फ्लॉवरला महिना झालेला, नत्राचा दुसरा हप्ता तोंडावर, आणि दुकानदार युरियाच्या गोणीमागे दोन नको त्या बाटल्या गळ्यात मारत होता. या लिंकिंगने माणूस दुसरीकडे बघणारच. नाहीतर एकरभर फ्लॉवरला हंगामाचं 60 किलो नत्र म्हणजे युरियाच्या तीन गोण्या, 266.50 प्रमाणे 799.50 रुपये!

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. टेम्पोवाल्यानेच बादलीत मूठभर दाणे टाकून ढवळून दाखवले. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो, बादली हाताला गार लागते. इथे पाणी होतं तसंच आणि तळाला राखाडी गाळ. मी विचारलंही. तो म्हणाला, "काका, निंबोळीचं कोटिंग आहे, ते खाली बसतंय. हळू विरघळतं म्हणून तर महाग." निंबोळीच्या युरियाचा असा गाळ कधीच बसत नाही. पण बोलणं इतकं सफाईदार, की शेजारच्या बीएस्सी अ‍ॅग्री पोरानेही मान डोलावली.

ते खत टाकलं आणि फ्लॉवरची खालची पानं पिवळी पडली, गड्डे लिंबाएवढे होऊन थांबले.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का? टेम्पोवाल्याची चिठ्ठी दाखवली तर ती हातातही घेतली नाही. गोणी फोडलेली, नमुना चालत नाही, शिवलेली आणा. खत रानात गेल्यावर शिवलेली आणायची कुठून? (म्हणून सांगतो, एक गोणी शिवलेलीच ठेवा.) पंचायत समितीवाले म्हणाले, ते काम कृषी कार्यालयाचं. पोलीस म्हणाले, कृषी खात्याचं. खत नियंत्रण आदेश 1985 चा, निरीक्षक नेमलेले, आणि विनापरवाना टेम्पो भर दिवसा गावोगाव फिरतो तो एकालाही दिसत नाही? आमचा एक अर्ज मात्र तीन टेबलं फिरतो!

परवाना नंबर आणि बॅच नंबर नसलेल्या बिलावर एक रुपयाही देऊ नका. तक्रार लेखीच द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि टेम्पो आला, तर आधी नंबरप्लेटचा फोटो काढा, मग बोला.