प्रोस्टेटचा डिफ्युजन एमआरआय: एडीसी, कर्टोसिस, आयव्हीआयएम की व्हर्डिक्ट?

प्रोस्टेटच्या डिफ्युजन एमआरआयवर (ऊतीतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल, म्हणजे विसरण, मोजणाऱ्या स्कॅनवर) प्रबंध किंवा संशोधन प्रकल्प करायचा तर सिग्नलमधून आकडे काढणारे मॉडेल कोणते घ्यायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे लागते. कारण बी-व्हॅल्यू (स्कॅन विसरणाला किती संवेदनशील ठेवायचा याचे आकडे, सेकंद/मिमी² मध्ये) त्यावर ठरतात आणि एकदा रुग्णांचे स्कॅन झाले की त्या बदलता येत नाहीत. टेबलावर मिळणारी मिनिटे, स्कॅनरच्या ग्रेडियंटची ताकद आणि वरच्या बी-व्हॅल्यूला उरणारा सिग्नल या तीन गोष्टी आधी तपासा. मॉडेलच्या नावाकडे त्यानंतर बघा.

साध्या एडीसीला, म्हणजे पाणी किती मोकळेपणाने पसरते याच्या एका आकड्याला, दोन बी-व्हॅल्यू पुरतात. प्रोस्टेट एमआरआयची मार्गदर्शिका पाय-रॅड्स २.१ (२०१९) हिच्यानुसार खालची ५० ते १०० आणि वरची ८०० ते १००० घ्यावी. खालची शून्य घेतली तर केशवाहिन्यांतल्या रक्ताची हालचाल हिशेबात शिरते आणि एडीसी फुगतो. वरची १००० च्या पुढे नेली तर सिग्नलची घट साध्या घातांकी नियमाने होत नाही, आणि एडीसी खाली ओढला जातो. गाठ ठळक दिसण्यासाठी १४०० किंवा त्याहून जास्त बी-व्हॅल्यूची प्रतिमा लागते. ती वेगळी घ्या किंवा गणिताने काढा, पण एडीसीच्या हिशेबात मिसळू नका.

एडीसीची अडचण अशी की त्याच्या एका आकड्यात अनेक गोष्टी दडलेल्या असतात. निरोगी पेरिफेरल झोनमध्ये (प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात) ग्रंथींच्या पोकळ्या द्रवाने भरलेल्या असतात. कर्करोगात एपिथेलियम (पोकळ्यांचे अस्तर) वाढते, पोकळ्या आणि स्ट्रोमा (मधली आधार देणारी ऊती) आक्रसतात, म्हणून एडीसी घसरतो. ‘पेशींची दाटी वाढली’ हे पाठ झालेले स्पष्टीकरण अपुरे आहे. ट्रान्झिशन झोनमधली (आतल्या भागातली) स्ट्रोमाची साधी गाठ आणि प्रोस्टेटायटिसही (प्रोस्टेटचा दाह) एडीसी खाली आणतात. शिवाय इमेजिंगच्या मोजमापांचे मानक ठरवणाऱ्या क्युबा (QIBA) गटाच्या डिफ्युजन प्रोफाइलनुसार एकाच रुग्णात पुन्हा मोजल्यावर प्रोस्टेटच्या एडीसीत सुमारे १७ टक्के फरक नुसत्या मापनामुळे पडतो. दोन्ही मापनांतली चूक आणि ९५ टक्के खात्री धरली तर उपचारांचा परिणाम पाहणाऱ्या अभ्यासात ४७ टक्क्यांहून कमी बदल खरा धरता येत नाही. मेंदूसाठी हाच आकडा ११ आहे.

सिग्नलची घट साध्या घातांकी नियमापासून किती ढळते हे ‘के’ या आकड्याने मोजणाऱ्या कर्टोसिसला किमान तीन बी-व्हॅल्यू लागतात आणि सर्वांत वरची साधारण २००० ठेवतात. ऊतीची रचना जितकी गुंतागुंतीची, तितका के वाढायला हवा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात घात होतो तो नॉइजमुळे. निरोगी पेरिफेरल झोनचा एडीसी १.७ × १०⁻³ मिमी²/सेकंद धरला तर बी २००० ला मूळ सिग्नलचा जेमतेम ३ टक्के भाग उरतो. गाठीत ०.८ × १०⁻³ ला मात्र २० टक्के उरतो. म्हणजे निरोगी भागाचा सिग्नल नॉइजच्या तळाला टेकतो, वक्र सपाट होतो आणि के विनाकारण वाढलेला दिसतो. गाठ आणि निरोगी ऊती यांतला जो फरक मोजायचा होता तोच पुसट होतो. अॅव्हरेजेस वाढवून हे सुटत नाही, कारण मॅग्निट्यूड (फक्त सिग्नलची तीव्रता ठेवणाऱ्या) प्रतिमांची सरासरी काढली तरी तळ तिथेच राहतो. सरासरी कॉम्प्लेक्स डेटावर (ज्यात सिग्नलची फेजही असते) काढावी लागते, आणि ती सोय तुमच्या स्कॅनरवर आहे का हे आधीच विचारून घ्या. त्यातून के आणि एडीसी बऱ्याचदा जोडीनेच हलतात, त्यामुळे निदानात कर्टोसिसची वेगळी भर किती, हा प्रश्न उरतोच.

केशवाहिन्यांतल्या रक्ताची हालचाल विसरणापासून वेगळी काढणाऱ्या आयव्हीआयएमची शिफारस प्रोस्टेटसाठी आम्ही करत नाही. रक्तप्रवाहाचा वाटा लहान, तो वेगळा काढायला शून्य ते २०० मध्ये बऱ्याच बी-व्हॅल्यू घ्याव्या लागतात, आणि एवढे करूनही डी-स्टार (रक्ताच्या हालचालीचा वेग दाखवणारा आकडा) दुसऱ्या स्कॅनमध्ये भलताच येतो.

व्हर्डिक्ट हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विकसित झालेले मॉडेल. ते सिग्नल तीन कप्प्यांत वाटते: पेशींच्या आतला, पेशी आणि वाहिन्या यांच्या बाहेरचा, आणि रक्तवाहिन्यांतला. प्रोस्टेटसाठी ९०, ५००, १५००, २००० आणि ३००० या बी-व्हॅल्यू घेतात. प्रत्येकीचा टीई (इको टाइम, म्हणजे सिग्नल वाचण्याआधीचा वेळ) वेगळा असल्याने तिची बी-शून्य प्रतिमाही वेगळी घेऊन सिग्नलला तिने भागावे लागते. ही पायरी चुकली की टी-२ चा (सिग्नल वेळेनुसार आपोआप विरण्याचा) फरक डिफ्युजन म्हणून मोजला जातो. स्कॅनला सुमारे १२ मिनिटे लागतात. पेशींच्या आतल्या भागाचे प्रमाण, म्हणजे एफआयसी, हा यातला कामाचा आकडा. व्हर्डिक्ट तपासणाऱ्या इनोव्हेट अभ्यासात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा कर्करोग ओळखण्यात तो एडीसीपेक्षा सरस ठरला. पण मॉडेलमध्ये पेशी गोल धरल्या आहेत, विसरणाचे काही आकडे आधीच ठरवून दिले आहेत आणि ग्रंथीची पोकळी व पेशीबाहेरची जागा एकाच कप्प्यात आहेत. त्यामुळे एफआयसीला पॅथॉलॉजीच्या स्लाइडवरच्या मापाचा पर्याय समजू नका. एपिथेलियम, स्ट्रोमा आणि पोकळी यांचे प्रमाणच हवे असेल तर टीई आणि बी दोन्ही बदलून घेतलेला हायब्रिड एमआरआय प्रश्नाच्या जास्त जवळ जातो.

मग निवड कशी करायची? १.५ टेस्ला, गर्दीचा विभाग आणि स्लॉट छोटा असेल तर एडीसीच घ्या. सोबत १४०० किंवा १५०० ची प्रतिमा ठेवा. ३ टेस्ला, चांगले ग्रेडियंट, १२ मिनिटांची मुभा आणि फिटिंग करणारा (मॉडेल सिग्नलला जुळवणारा) भौतिकशास्त्रज्ञ जोडीला असेल तर व्हर्डिक्ट. कर्टोसिस तेव्हाच, जेव्हा नॉइजची दुरुस्ती तुम्ही स्वतः तपासू शकता.

मॉडेल कोणतेही असो, गुदाशयातला वायू सर्वांचा खेळ बिघडवतो. सिंगल-शॉट ईपीआयमध्ये (डिफ्युजनसाठी वापरल्या जाणाऱ्या वेगवान स्कॅन-पद्धतीत) ऊती आणि वायूच्या सीमेवर प्रतिमा ताणली जाते, आणि ती नेमकी पेरिफेरल झोनच्या मागच्या कडेला, जिथे गाठी जास्त सापडतात. स्कॅनआधी रुग्णाला शौचाला जाऊन यायला सांगा. तरीही टी-२ प्रतिमेवर वायू दिसला तर बारीक कॅथेटरने काढा किंवा रुग्णाला पालथे झोपवा. बायोप्सी झालेली असेल तर निदान सहा आठवडे थांबा, साचलेले रक्त आकडे फिरवते.

पहिल्या रुग्णाआधी बर्फ-पाण्याचा फँटम (चाचणीसाठीचे भांडे) स्कॅनरमध्ये ठेवून बघा. शून्य अंशाला पाण्याचा एडीसी १.१ × १०⁻³ मिमी²/सेकंद यायला हवा. बर्फ तासभर आधी घाला आणि स्कॅन संपेपर्यंत तो पूर्ण वितळलेला नसल्याची खात्री करा.