सीआरडीपी की सीआरएससी?

अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेल्याला व्हीएची (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची) अपंगत्व भरपाई सुरू झाली, की तेवढेच डॉलर निवृत्तिवेतनातून वजा होतात. ही कपात भरून काढायला दोन वाटा आहेत, सीआरडीपी आणि सीआरएससी; एका वेळी एकच धरता येते.

सीआरडीपी, म्हणजे निवृत्तिवेतन आणि अपंगत्व भरपाई दोन्ही एकत्र मिळण्याची सोय, २००४ पासूनची. २० वर्षं सेवा आणि व्हीएचं किमान ५० टक्के अपंगत्वाचं रेटिंग असलं की बहुधा अर्जाशिवायच मिळते, पण निवृत्तिवेतनासारखाच तिच्यावरही कर बसतो.

सीआरएससी, म्हणजे लढाईशी निगडित अपंगत्वासाठीची विशेष भरपाई, करमुक्त. मात्र अर्ज आपल्या सेनादलाकडे करायचा आणि दुखापत लढाईशी, युद्धसरावाशी किंवा तशाच जोखमीच्या कामाशी जोडलेली आहे, हे कागदांनी सिद्ध करायचं. खरी दमछाक इथेच. तरी २० वर्षांआधीच अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्याला सहसा हाच मार्ग उरतो, तोही २००८ पासून. दोन्हींना पात्र असलेल्यांना वर्षातून एकदा निवड बदलता येते.