मोबाइल होममधली ऑइल फर्नेस: दुरुस्त करावी, बदलावी की हीट पंप बसवावा?

अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः मेन आणि व्हर्मांटमध्ये, जुने मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेले घर, विकत घेणाऱ्याच्या वाट्याला बहुधा तेलावर चालणारी फर्नेसही, म्हणजे हवा तापवून घरभर खेळवणारी भट्टीही, येते. ती वारंवार बंद पडत असेल, काजळी धरत असेल किंवा घरभर तेलाचा वास पसरवत असेल, तर तीन मार्ग उरतात: आहे तीच नीट बसवून घेणे, प्रोपेनची नवी फर्नेस आणणे किंवा बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणाऱ्या हीट पंपाकडे वळणे. मात्र आधी दोष यंत्राचा आहे की ते बसवणाऱ्याचा, हे ठरवावे लागते, कारण गरम हवा खोल्यांत नेणारा डक्ट फाटका असेल, तर तो नव्या यंत्राचीही उष्णता वाया घालवतो.

मोबाइल होमची फर्नेस इतर घरांतल्या फर्नेसपेक्षा वेगळी असते. 1976 पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार ती अशा घरांसाठी प्रमाणित असावी लागते आणि ज्वलनाची हवा तिने बाहेरूनच घ्यायची असते. कोणी साध्या घराची फर्नेस तिथे कोंबली असेल, तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू होताच चिमणीतला धूर, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, उलटा घरात येऊ शकतो. असे यंत्र, तसेच हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या पेटीला, तडा गेलेले यंत्र, दुरुस्तीच्या पलीकडचे समजावे.

बाकीच्या तक्रारी बहुतांशी सुटणाऱ्या असतात. बाहेरच्या टाकीतून येणाऱ्या तांब्याच्या नळीला फ्लेअर जोडांऐवजी (नळीचे टोक पसरवून बसवलेले) कॉम्प्रेशन जोड (कड्याने आवळून बसवलेले) लावलेले असले, की पंपाच्या ओढीने त्यांतून हवा आत शिरू शकते. थेंबभरही तेल बाहेर गळत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही, आणि ज्योत मात्र विझत राहते. घर तापवण्याचे नेहमीचे, क्रमांक 2 चे तेल कडाक्याच्या थंडीत मेण धरून घट्ट होते, त्यामुळे उघड्यावरच्या टाकीत के-1 प्रतीचे रॉकेल किंवा त्याचे मिश्रण भरावे लागते. तेलाचा फवारा सोडणाऱ्या नॉझलचे माप आणि फवाऱ्याचा कोन उत्पादकाने सांगितलेलाच हवा; रॉकेलच्या स्टोव्हला आपण पिन मारत असू, तशी इथे मारू नये, नॉझल सरळ बदलावे. बर्नर बंद पडल्यावर रीसेटचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे तर धोक्याचेच, कारण प्रत्येक वेळी न जळलेले तेल आत साचते आणि ते एकदम पेट घेऊ शकते. काम संपल्यावर तंत्रज्ञाने धुराची काजळी, चिमणीची ओढ (ड्राफ्ट) आणि कार्बन डायऑक्साइड मोजून आकडे लिहून द्यावेत. केवळ ज्योत पाहून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावू नये.

प्रोपेनची बाजू स्वच्छतेची आहे: काजळी नाही, टाकीत गाळ नाही, आणि 95 टक्के कार्यक्षमतेची यंत्रे मिळतात. पण धुरातली वाफ थंड होऊन त्यांतून निघणारे पाणी वाहून नेणारी नळी गोठणार नाही अशी न्यावी लागते, आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ते घराखाली साचते.

खर्चाचा हिशेब उष्णतेवर करावा. 80 टक्के कार्यक्षमतेने जाळलेले एक गॅलन रॉकेल जेवढी ऊब देते, तेवढीच 95 टक्के कार्यक्षमतेच्या यंत्रात सुमारे सव्वा गॅलन प्रोपेन देते, आणि विजेच्या एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता देणारा हीट पंप ती सुमारे 13 युनिटांत देतो. आपल्या गावचे दर यात घालून पाहावेत. रॉकेल महाग असलेल्या ठिकाणी हीट पंप अनेकदा स्वस्त पडतो. त्याची खरी अडचण घराच्या फरशीखाली आहे. फर्नेसचा डक्ट तिथूनच जातो आणि त्यातून झिरपणाऱ्या उबेवर पाण्याच्या नळ्या हिवाळा काढतात. फर्नेस बंद करून दिवाणखान्यात एकच मिनी स्प्लिट, म्हणजे डक्टशिवाय चालणारा एका खोलीचा हीट पंप, लावला, तर माणसे उबेत राहतात आणि नळ्या गोठतात, शिवाय टोकाच्या खोल्या गारच राहतात. जुन्या घराचे विजेचे पॅनेलही आधी तपासून घ्यावे.

यंत्र प्रमाणित आणि हीट एक्स्चेंजर धड असेल, तर मी आधी फर्नेस आणि डक्ट दुरुस्त करून घेईन, मग हीट पंप जोडून फर्नेस ऐन गारठ्यासाठी राखून ठेवीन. यंत्रच बाद असेल, तर डक्टमधून हवा खेळवणारा, अशा घरासाठी योग्य हीट पंप प्रोपेनच्या आधी विचारात घ्यावा. नळ्या गोठू नयेत म्हणून त्यांना विजेने तापणारी हीट टेप त्याच कामात लावून घ्यावी. हीट पंपावरची केंद्रीय करसवलत 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही, तेव्हा विक्रेत्याच्या जुन्या पत्रकातली वजावट हिशेबात धरू नये. राज्याच्या अनुदानाची चौकशी मात्र करार करण्यापूर्वीच करावी.